टाउन हॉल आधी, टाउन नंतर

मुंबईच्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या तुम्ही प्रत्यक्ष चढला नसाल, पण स्क्रीनवर पाहिल्या असतील. जाडजूड पांढरे खांब, वर त्रिकोणी माथा, खाली रस्त्यापर्यंत उतरत आलेल्या तीस पायऱ्या. सिनेमात, जाहिरातीत, प्री-वेडिंगच्या रीलमध्ये ही जागा सारखी दिसते. फोटोत ती इतकी छान येते की आत काय आहे, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

या इमारतीचं मूळ नाव टाउन हॉल. शब्दशः अर्थ घ्यायचा तर गावाचं सभागृह. माझं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तिथे असं खांबांचं सभागृह कधी नव्हतं. त्यामुळे या इमारतीकडे बघताना मला मुंबईकरांना सहसा न पडणारा प्रश्न पडतो: हे सभागृह नेमकं कोणत्या गावाचं होतं? पुस्तकाची समीक्षा करताना आपण लेखक कोण, वाचक कोण, निवेदक कुणाच्या बाजूने बोलतोय हे बघतो. इमारतीलाही हेच प्रश्न विचारता येतात. या लेखात मी तेच करणार आहे, आणि मुंबईहून निघून माझ्या जिल्ह्यापर्यंत येणार आहे.

लॉटरीतून उभं राहिलेलं ग्रीस

सुरुवात १८०४ सालची. सर जेम्स मॅकिन्टॉश या न्यायाधीशाने मुंबईत लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. आजच्या एशियाटिक सोसायटीचं हे मूळ रूप. ग्रंथ, हस्तलिखितं, नाणी जमा होऊ लागली, तशी चांगल्या इमारतीची गरज भासू लागली. टाउन हॉलची कल्पना यातून पुढे आली. पैसे उभे करायला लॉटरी काढली. ती पुरली नाही. बांधकाम १८२१ मध्ये सुरू झालं, रखडलं, आणि शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने पैसे घालून १८३३ मध्ये इमारत पुरी केली. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्समधल्या कर्नल थॉमस काऊपर यांचा. इमारत पूर्ण झालेली बघायला ते हयात नव्हते.

आता समोर उभं राहून बघा. दर्शनी भागात आठ डोरिक खांब आहेत. डोरिक ही ग्रीक मंदिरांची सगळ्यात साधी आणि सगळ्यात धिप्पाड शैली. खांब खाली रुंद, वर किंचित निमुळता, माथ्यावर फारसं नक्षीकाम नाही. त्या काळात युरोपात प्राचीन ग्रीसचं वेड होतं. बँक, संग्रहालय, विद्यापीठ, काहीही बांधायचं असलं की ग्रीक देवळाचा मुखवटा चढवायचा. ग्रीस म्हणजे लोकशाही, विद्या, विवेक, असा त्यामागचा दावा.

पण हा दावा मुंबईच्या पावसात उभा करायचा होता. त्यामुळे इमारतीला बारीक तडजोडी कराव्या लागल्या. खिडक्यांवर लाकडी झापं आली. अथेन्सच्या देवळाला असलं काही लागत नाही, आपल्या वाड्यांना लागतं. मला या इमारतीतला सगळ्यात प्रामाणिक भाग ही झापं वाटतात. खांब सांगतात, आम्ही कुठल्या परंपरेतून आलो. झापं सांगतात, आम्ही कुठे उभे आहोत.

पायऱ्यांचं काय? तीस पायऱ्या ही काही जागेची गरज नव्हती. समोरचं मैदान सपाट होतं. उंच जोत्यावर इमारत ठेवायची आणि माणसाला चढत यायला लावायचं, हा निर्णय होता. चढून येणाऱ्याला दम लागतो, वर उभा असलेला खाली बघतो. १ नोव्हेंबर १८५८ ला कंपनीची सत्ता संपून राणीची सत्ता सुरू झाल्याचा जाहीरनामा मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. पायऱ्यांचा तो सगळ्यात नेमका उपयोग म्हणावा लागेल. बोलणारा वर, ऐकणारे खाली, आणि खालच्यांना प्रश्न विचारायची सोय नाही.

दरबार आणि वड

आत गेलं की पहिल्यांदा पुतळे भेटतात. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम असे गव्हर्नर. पुढे जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय यांचेही पुतळे आले. मोठ्या दालनाचं नाव दरबार हॉल. या नावावर थोडं थांबायला हवं. टाउन हॉल म्हणायचं आणि आतल्या दालनाला दरबार म्हणायचं, यात कुणालाही काही खटकलं नाही. दरबारात राजा बोलावतो तेव्हा जायचं असतं. सभेत माणूस आपल्या हक्काने जातो. एकाच छपराखाली हे दोन शब्द नांदत होते.

२२ जानेवारी १८६२ ला मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक याच दरबार हॉलमध्ये भरली. आजच्या महाराष्ट्र विधानमंडळाचा वंशवृक्ष तिथून सुरू होतो. सदस्य गव्हर्नरने नेमलेले. त्यांत जगन्नाथ शंकरशेठांसारखे हिंदी सदस्य होते, पण त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. मुंबईच्या नगरपालिकेत करदात्यांनी निवडून दिलेले सभासद यायला १८७२ चा कायदा यावा लागला. त्या कायद्यानेही ६४ पैकी निम्म्याच जागा करदात्यांच्या मतावर सोडल्या. म्हणजे टाउन हॉल उभा राहिला १८३३ मध्ये आणि मत देऊ शकणारं टाउन कसंबसं जन्माला आलं जवळजवळ चाळीस वर्षांनी.

मग या चाळीस वर्षांत मुंबईचं खरं गाव कुठे भरत होतं? त्याचं उत्तर इमारतीच्या समोरच आहे. १८५० च्या दशकात शेअर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली जमायचे आणि व्यवहार करायचे. १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली. आजच्या मुंबई शेअर बाजाराची ती सुरुवात. गुजराती, पारशी, मारवाडी, सगळे उन्हातून सावलीत येऊन भाव ठरवत होते, भांडत होते, शब्द देत होते. पायऱ्या नाहीत, खांब नाहीत, पुतळे नाहीत.

आपल्याकडे गावात वडाला किंवा पिंपळाला पार बांधतात. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली पार होता की नव्हता, याने फरक पडत नाही. काम पाराचंच होत होतं. मला हे चित्र फार बोलकं वाटतं: ग्रीक देवळासारखं सभागृह रिकामं थांबलंय आणि समोर झाडाखाली गाव भरलंय.

बर्मिंगहॅममध्येही असंच झालं होतं

इथे कुणी म्हणेल, गुलामीच्या काळातली इमारत होती, तिच्याकडून वेगळी अपेक्षा काय करणार? इंग्लंडमध्ये टाउन हॉल खरोखर लोकांचे असतील. म्हणून मुंबईच्या टाउन हॉलचा जवळजवळ जुळा भाऊ शोभेल अशी एक इंग्रजी इमारत बघू.

बर्मिंगहॅमचा टाउन हॉल १८३४ मध्ये उघडला, म्हणजे मुंबईनंतर एका वर्षाने. तोही देवळासारखा. फरक इतकाच की मुंबईचे खांब ग्रीक डोरिक, तर बर्मिंगहॅमचे कोरिंथियन, माथ्यावर पानांची नक्षी असलेले. नमुना रोममधल्या कॅस्टर आणि पोलक्सच्या देवळाचा. तोही उंच जोत्यावर. वास्तुकार जोसेफ हॅन्सम आणि एडवर्ड वेल्च यांनी ठेकेदारांसाठी स्वतः जामीन घेतला, खर्च हाताबाहेर गेला आणि दोघंही दिवाळखोर झाले. पुढे लंडनच्या रस्त्यांवर धावलेली हॅन्सम कॅब नावाची घोडागाडी याच हॅन्समच्या डोक्यातून निघाली.

आणि बर्मिंगहॅमलाही तेव्हा स्वतःची निवडून आलेली नगरपालिका नव्हती. ती मिळाली १८३८ मध्ये. हॉल बांधला रस्त्यांची व्यवस्था बघणाऱ्या आयुक्तांनी, आणि त्यामागचं मोठं कारण होतं दर तीन वर्षांनी भरणारा संगीत महोत्सव. त्यातून तिथल्या रुग्णालयासाठी निधी जमायचा. १८३२ पर्यंत तर या एवढ्या मोठ्या औद्योगिक शहराला संसदेत स्वतःचा खासदारही नव्हता.

म्हणजे तिथेही हॉल आधी, टाउन नंतर? नाही. कारण हॉल पूर्ण व्हायच्या आधीच बर्मिंगहॅमचं गाव जमलं होतं. संसदेच्या सुधारणेसाठी बर्मिंगहॅम पोलिटिकल युनियनने १८३२ मध्ये न्यूहॉल हिल नावाच्या मोकळ्या जागेवर प्रचंड सभा घेतल्या. कारागीर, दुकानदार, कारखानदार उघड्यावर उभे राहून मताचा हक्क मागत होते. हॉल नंतर आला आणि त्या गावाला छप्पर मिळालं. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या नाताळाच्या गोष्टीचं पहिलं जाहीर वाचन याच हॉलमध्ये केलं. एक वाचन खास कामगारांसाठी ठेवलं होतं, त्यांना परवडेल अशा तिकिटात.

दोन इमारती जवळपास एकाच वर्षीच्या, एकाच थाटाच्या. तरी अर्थ निराळा. हा फरक खांबांच्या शैलीतून येत नाही. एका ठिकाणी आधी माणसं जमली आणि मग त्यांना छप्पर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी छप्पर आधी तयार होतं आणि माणसं समोरच्या झाडाखाली होती. टाउन हॉलची समीक्षा करायची तर माझ्या मते पहिला निकष हाच: या भिंतींच्या आधी इथे कोण जमत होतं, आणि भिंती बांधल्यावर त्यांना आत घेतलं का?

आमच्या जिल्ह्याचे आमदार पहिल्यांदा कुठे बसले

हा निकष घेऊन आता माझ्या जिल्ह्याकडे येते. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथे टाउन हॉल नव्हता, पण राजधानी हैदराबादेत होता. तो बांधायचं निमित्त होतं सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा चाळिसावा वाढदिवस. १९०५ मध्ये कोनशिला बसली, १९१३ मध्ये इमारत पूर्ण झाली. पांढरीशुभ्र, घुमट, कमानी, इराणी आणि राजस्थानी वळणाची, बाग-ए-आम या सार्वजनिक बागेत. इथे ग्रीसचा दावा नाही. राजाच्या वाढदिवसाची भेट आहे, आणि ती भेट असल्याचं इमारत लपवत नाही.

त्याच संस्थानात सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागायची. गश्ती क्रमांक ५३ हे परिपत्रक मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सारखं येतं. राजधानीत शानदार टाउन हॉल आणि जिल्ह्यात चार माणसं जमवायला परवाना, ही परिस्थिती.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. १९५२ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि हैदराबाद राज्याची विधानसभा याच टाउन हॉलमध्ये बसली. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे आमदार तिथे जात होते. धाराशिव जिल्ह्यातल्या मतदारांनी पहिल्यांदा मत देऊन ज्यांना पाठवलं, ते राजाच्या वाढदिवसासाठी बांधलेल्या टाउन हॉलमध्ये जाऊन बसले. इमारतीचा घुमट तोच, कमानी त्याच. बदलला तो फक्त आत बसण्याचा आधार. आधी कृपा होती, आता मत होतं. पुढे तीच आंध्र प्रदेशाची विधानसभा झाली.

म्हणून मी म्हणते, दगडाला दोष देण्यात अर्थ नाही. कुठलाही दरबार हॉल सभागृह होऊ शकतो. त्यासाठी बाहेर आधी सभा झालेली असावी लागते.

छप्पर नसलेले टाउन हॉल

मग निजामाच्या काळात आमच्याकडे सभा कुठे होत होती? सहज आठवणारं उत्तर म्हणजे चावडी. गावाचा कारभार, सारा, पंचायत, तंटे सगळं चावडीवर. चावडीला गावाचं सभागृह म्हणायचा मोह होतो, आणि ग्रामीण नॉस्टॅल्जियात तो सगळेच करतात. मी करणार नाही. ज्यांच्या राबण्यावर चावडी चालत होती, त्यांना चावडीवर बसायची मुभा नव्हती. महार वतनदाराने रात्री-अपरात्री हाक आली की यायचं, सांगावा घेऊन धावायचं, सरकारी माणसाचं ओझं उचलायचं, आणि उभं राहायचं ते बाहेर. मुंबईच्या तीस पायऱ्या उंचीने जे करत होत्या, ते आमची चावडी जोत्याच्या एका पायरीने करत होती.

म्हणून माझ्या जिल्ह्याचा खरा टाउन हॉल मला दुसरीकडे दिसतो: कसबे तडवळे या गावी, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला. बार्शी लाइट रेल्वे या अरुंद रुळांच्या गाडीच्या वाटेवरचं हे गाव. तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. गावातल्या शाळेच्या इमारतीत त्यांचा मुक्काम होता. परिषदेचा विषय होता वतन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणारी ती बांधील सेवा. वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं होतं. मुंबईच्या दरबार हॉलपासून ज्या कायदेमंडळाची सुरुवात झाली, तिथला तो प्रश्न आता तडवळ्याच्या मोकळ्या आभाळाखाली ज्यांचा होता त्यांच्यासमोर आला.

न्यूहॉल हिल आणि कसबे तडवळे यांच्यात एकशे नऊ वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे. दोन्हीकडे माणसं सारखंच काहीतरी करत होती: ज्या सभेत आपल्याला बसू दिलं नाही, तिच्याबाहेर स्वतःची सभा भरवत होती.

दुसरा टाउन हॉल हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत. लोहारा तालुक्यातलं हे छोटं गाव. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणापासून वेगळी, देशाचा विचार करणारी शाळा १९२१ मध्ये इथे निघाली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत शिक्षक होते आणि संन्यासही त्यांनी हिप्परग्यालाच घेतला. सभेला बंदी असलेल्या राज्यात वर्ग हीच सभा होती. शिक्षक मुलांशी बोलायला उभा राहिला तर त्याला परवाना मागता येत नव्हता.

तिसरं उदाहरण अगदी अलीकडचं. जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिवला झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नगरीला नाव दिलं होतं तेरच्या संत गोरोबाकाकांचं. तीन दिवसांसाठी मांडव उभा राहिला, पुस्तकांचे स्टॉल लागले, जिल्हाभरातून माणसं आली. एका ख्रिस्ती धर्मगुरूला अध्यक्षपद दिल्यावरून वाद झाला होता, तरी संमेलन झालं. मांडव हा आपल्याकडचा सगळ्यात कमी लेखला गेलेला वास्तुप्रकार आहे. चार दिवसांत उभा, एका दिवसात गायब. त्याला दर्शनी बाजू नसते, चारी बाजूंनी आत येता येतं. उशिरा आलेला माणूस कनातीजवळ उभा राहूनही सभेत असतो. टाउन हॉलला हे जमत नाही.

तेरची गजपृष्ठी इमारत

तेरचं नाव आलंच आहे, तर एका इमारतीपाशी थांबते. प्राचीन काळी तगर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या समुद्रव्यापाराच्या पुस्तकात येतं. ज्या ग्रीसचे खांब मुंबईने उसने आणले, त्या जगाशी आमच्या तेरचा व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी चालत होता. खांब उसने न घेता.

तेरला त्रिविक्रमाचं मंदिर आहे. विटांचं. मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं लांबट कमानदार छप्पर. मूळची ही इमारत बौद्ध चैत्य असावी, असं पुरातत्त्वज्ञ हेन्री कझन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. कार्ले, भाजे इथे हाच आकार डोंगरात कोरलेला दिसतो. विटांत बांधलेला आणि अजून उभा असलेला असा चैत्याकार भारतात फार थोड्या ठिकाणी उरला आहे. आंध्रातलं चेझर्ला त्यातलं एक.

चैत्याचा आकार हा मुळात एकत्र जमण्यासाठी घडलेला आकार आहे. इथे आराखडा बाहेरून दिसण्यापेक्षा आत वावरण्यासाठी आखलेला. माणसाने आत यावं, बसावं, अर्धगोलाला वळसा घालून परत यावं. टाउन हॉलमध्ये सगळा खर्च दर्शनी भागावर झाला आहे, इथे आतल्या पोकळीवर. पुढे धर्म बदलला, मूर्ती आली, समोर मंडप आला, पण पोकळी टिकली. सभागृह बांधणाऱ्या आजच्या इंजिनिअरने मुंबईला फोटो काढायला जावं, आणि अभ्यासाला तेरला यावं.

टाउन हॉलला गाव मिळालं ते वाचनातून

आता पुन्हा मुंबईच्या इमारतीकडे, कारण तिच्यावर अन्याय करून मला पुढे जायचं नाही. या टाउन हॉललाही हळूहळू गाव मिळालं. ते मिळालं दरबार हॉलमधून नव्हे, वाचनाच्या टेबलावरून. एशियाटिक सोसायटी सुरुवातीला युरोपियनांपुरती होती. १८४० मध्ये माणेकजी कर्सेटजी यांना प्रवेश मिळाला. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले, पहिले भारतीय अध्यक्ष. भाऊ दाजी लाड, पां. वा. काणे यांच्यासारख्यांचं काम या ग्रंथालयाच्या आधाराने झालं. इमारतीत आज राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. म्हणजे ज्याच्याकडे सोसायटीचं सभासदत्व नाही, त्यालाही इथे पुस्तकापर्यंत पोहोचायचा एक रस्ता आहे.

आणि दुर्गाबाई भागवत. वर्षानुवर्षं त्या या ग्रंथालयात येऊन वाचत, लिहीत बसायच्या. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आणि १९७६ मध्ये पोलिसांनी त्यांना याच ग्रंथालयातून अटक केली. १८५८ मध्ये ज्या पायऱ्यांवरून सत्ता खाली बघत बोलली होती, त्याच पायऱ्या एका वाचकासाठी पोलिसांना चढाव्या लागल्या. टाउन हॉल खऱ्या अर्थाने टाउनचा कधी झाला, असं कुणी विचारलं तर मी १८३३ सांगणार नाही. मी १९७६ सांगेन.

पुढचं सभागृह

हे सगळं लिहायचं कारण इतिहास नाही. माझ्या जिल्ह्यातल्या तालुक्यांना आता सभागृहं मिळतायत. सांस्कृतिक भवन, नाट्यगृह, समाजमंदिर. भूमिपूजनाच्या बॅनरवर थ्रीडी चित्र असतं आणि त्या चित्रात हमखास खांब असतात. दोनशे वर्षांनंतरही मोठेपणा दाखवायचा म्हटलं की आपल्याला ग्रीस आठवतं. पायऱ्याही असतात, चाकाच्या खुर्चीसाठी उतार असेलच असं नाही.

अशाच एका सभागृहात आम्ही काही जणांनी कवितावाचन ठेवायचं म्हटलं. भाडं परवडेना. कमी करायचं तर कुणाचं तरी पत्र आणा, म्हणाले. पत्र म्हणजे शिफारस. गश्ती ५३ ची भाषा बदलली होती, वाक्यरचना तीच होती. शेवटी आम्ही एका मैत्रिणीच्या गच्चीवर बसलो. चांगलं झालं वाचन. पण गच्चीवर फक्त ओळखीचे येतात. सभागृह लागतं ते अनोळखी माणसासाठी.

आणि त्याच सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर पैसे घेऊन चालणाऱ्या अभ्यासिका भरलेल्या आहेत. एमपीएससीची, पोलिसभरतीची तयारी करणारी मुलं-मुली महिन्याचे पैसे भरून नंबर लावलेल्या खुर्चीत बारा-बारा तास बसतात. आमच्या पिढीचं गाव आज तिथे जमलंय. बोलत नाही, मान खाली घालून वाचतंय, पण जमलंय. समोर बंद सभागृह, बाजूला भरलेली अभ्यासिका: हे चित्र मला टाउन हॉलसमोरच्या वडाइतकंच ओळखीचं वाटतं.

म्हणून तुमच्या गावात पुढचं सभागृह मंजूर होईल तेव्हा खांब किती, एसी आहे का, हे विचारण्याआधी दुसरे काही प्रश्न विचारा. पत्राशिवाय ते मिळतं का? भाडं किती, आणि ते दारावर लिहिलंय का? कार्यक्रम नसेल त्या दिवशी तिथे पोरांना अभ्यासाला बसता येईल का? रात्री आठला एकटी मुलगी तिथून निघून घरी जाऊ शकते का, तिथे दिवे आणि स्वच्छ बाथरूम आहे का? उतार आहे का? आणि ज्यांना चावडीवर बसता येत नव्हतं, त्यांच्या नातवंडांनी तिथे जयंतीचा कार्यक्रम मागितला तर तारीख मिळते का?

हे प्रश्न ग्रामसभेत, नगरपरिषदेत, माहितीच्या अर्जात, कुठेही विचारता येतात. आराखडा मंजूर व्हायच्या आधी विचारले तर उत्तम. पायऱ्या एकदा बांधल्या की तोडायला कुणी येत नाही.